गोंड्याएवढी फर

पर्सच्या पट्ट्याला किंवा पाठपिशवीच्या चेनला लटकणारा केसाळ गोंडा आता कुठल्याही शहरात दिसतो. त्याचा उगम मात्र फार महागड्या दुकानांत आहे. 2013 मध्ये फेंडी या इटालियन कंपनीने कोल्ह्याच्या आणि मिंकच्या फरचे, डोळे वटारलेले छोटे गोळे पर्सला अडकवण्यासाठी बाजारात आणले. पुढच्या वर्षी कार्ल लागरफेल्ड या आपल्याच डिझायनरच्या रूपातली फरची बाहुली काढली. तिची किंमत हजार डॉलरच्या पुढे होती. मग नकला निघाल्या, किंमत उतरत गेली, कोल्ह्याच्या जागी ससा आला आणि काही वर्षांत ही चीज शाळकरी मुलींच्या वाढदिवसाच्या भेटींत जाऊन बसली. गोंडे, झोपलेले कोल्हे, लांब कानांचे ससे. त्यातले कितीतरी ससे सशाच्याच कातड्याचे असतात.

अशा वस्तूंविरुद्ध मोहीम चालवावी का, आणि चालवायची तर बोट कोणाकडे दाखवायचं, यावर मी दोन माणसांना इथे समोरासमोर बसवते आहे. माणसं कल्पनेतली आहेत. ती सांगतात ती माहिती खरी आहे. मामा मशीद बंदरला भेटवस्तूंचा घाऊक धंदा करतात आणि माल बघायला चीनमधल्या यीवूला जातात. भाची ब्रिटनमध्ये शिकते आणि तिथल्या फरविरोधी मोहिमेत काम करते. माझं मन भाचीच्या बाजूला आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणूनच मामांच्या तोंडी मी हलके मुद्दे घातलेले नाहीत.

मामा : तुमचं पत्रक वाचलं. लाखोंचा मिंकचा कोट घालणारी बाई सोडून तुम्ही दीडशे रुपयांच्या किचेनच्या मागे लागलात. सोपं सावज शोधलंत.

भाची : कोटाविरुद्ध लोक साठ-पासष्ट वर्षं लढताहेत, मामा. ब्रिटनमध्ये लेडी म्युरिएल डाउडिंग यांनी 1959 मध्ये ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ सुरू केली. तिची भारतीय शाखा 1974 मध्ये डायना रत्नागर यांनी आपल्या पुण्यातच काढली. ती लढाई चालूच आहे. पण कोट घालणारीला ठाऊक असतं, आपण काय घातलंय. किचेन घेणाऱ्या मुलीला ते ठाऊक नसतं.

मामा : न कळण्यासारखं काय आहे त्यात? हात लावला की कळतं.

भाची : तुला कळतं. तुझं आयुष्य गेलंय त्यात. कसं ओळखतोस, सांग बरं.

मामा : केसांवर फुंकर मारायची आणि बुडाशी बघायचं. विणलेलं कापड दिसलं तर नकली, चामडं दिसलं तर खरी. मग टोक बघायचं. जनावराचा केस टोकाला निमुळता होत जातो, नकलीचा कापल्यासारखा बोथट असतो. तरीही शंका राहिली तर दोन केस उपटून काडी लावायची. माणसाचा केस जळल्यासारखा वास आला की खरी. नकली वितळते आणि तिची कडक गोळी होते.

भाची : आता दुकानात उभी असलेली पंधरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आण. ती काडी पेटवणार आहे का?

मामा : काडी कशाला? किंमत बघितली तरी पुरे. दीडशे रुपयांत खरी फर कोण देईल?

मामांचं हे वाक्य आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतं. खरी वस्तू महाग, नकली स्वस्त, असा आपला आयुष्यभराचा हिशेब; आणि फसगत होते ती नेमकी या हिशेबामुळे. ब्रिटनमध्ये 2017 च्या सुमारास पत्रकार आणि प्राणिकल्याण संस्था यांनी दुकानांतले गोंडे, टोप्या, चपला प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, तेव्हा ‘नकली’ म्हणून विकलेल्या कित्येक वस्तूंवर जनावराचेच केस निघाले. 2018 मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने फरच्या व्यापारावर अहवाल दिला आणि या फसवणुकीला आवर घालायला स्थानिक तपास यंत्रणा कमी पडते आहे, असं त्यात नोंदवलं. जानेवारी 2019 मध्ये तिथल्या जाहिरात नियामक संस्थेने दोन विक्रेत्यांच्या जाहिराती रोखल्या. एक जाहिरात गोंडे लावलेल्या स्वेटरची होती, दुसरी डोक्याला बांधायच्या गोंडेवाल्या पट्ट्याची. दोन्हीकडे फर नकली असल्याचं लिहिलं होतं आणि दोन्ही ठिकाणी ती खरी होती.

मामा : बरं, खरी निघाली. आणि स्वस्त का, तेही मी सांगतो. यीवूच्या बाजारात पाऊण लाखाच्या आसपास गाळे आहेत. त्याच झज्यांग प्रांतात तोंगशियांगजवळ छोंगफू म्हणून गाव आहे, ते फरच्या मालाचंच. कोट शिवले, कॉलर कापल्या, जॅकेटच्या टोपीची झालर काढली की खाली चिंध्या उरतात. गोंडा त्या चिंध्यांचा. जनावर त्याच्यासाठी मारलेलंच नसतं. आपल्याकडे याला टाकाऊतून टिकाऊ म्हणतात आणि शाळेत बक्षीस देतात.

भाची : साखर कारखान्याची मळी एके काळी टाकाऊच होती ना? नुसती विल्हेवाट लावायची डोकेदुखी. आज तिच्यातून स्पिरिट निघतं, इथेनॉल निघतं, आणि कारखान्याच्या ताळेबंदात तिचा वेगळा रकाना असतो. मळीसाठी कोणी ऊस लावत नाही हे खरं, पण मळीचे पैसे धरूनच कारखाना चालतो. चिंधीला भाव मिळाला की कातड्याला जास्त भाव देता येतो, आणि कातड्याला भाव आला की पिंजरे वाढतात. युरोपात कोटाचा खप घटत असताना या धंद्याला झालर आणि गोंड्याने हात दिला.

मामा : ते कोल्ह्या-मिंकचं झालं. ससा तर लोक खातात. चीनमध्ये खातात, फ्रान्स-इटलीत खातात. मांस खाल्लं आणि कातडं वापरलं. फेकून दिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं?

भाची : हा मुद्दा मलाही बरेच दिवस अडवायचा. पण खाण्याचा ससा दहा-बारा आठवड्यांतच मारतात. त्याचं मांस तेव्हा कोवळं असतं. त्या वयात लव विरळ असते, झडत असते, कातडं पातळ असतं. त्याचा चांगला गोंडा होत नाही. मखमलीसारखी दाट लव असते ती रेक्स जातीच्या सशाची. ती जात शंभरेक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये निपजली आणि पुढे लवेसाठीच वाढवली गेली. लव पक्की व्हावी म्हणून त्या सशाला पिंजऱ्यात आणखी काही महिने ठेवावं लागतं. ते महिने मांसासाठी नसतात, मामा. ते गोंड्याच्या खात्यावर जातात.

मामा : (थोडं थांबून) रेक्सचा माल वेगळ्या भावाने मिळतो, हे खरं आहे.

भाची : आणि रॅकून डॉगचं बघ. जॅकेटच्या झालरीला आणि मोठ्या गोंड्यांना त्याचीच लव लागते. कुत्र्याच्या कुळातला प्राणी, तोंडावर काळी पट्टी, जंगलात जोडीने राहणारा. सगळ्या कुत्रेकुळात हिवाळी झोप घेणारा हा एकटाच. हिवाळा तोंडावर आला की त्याची लव सगळ्यात दाट होते, म्हणून त्याला मारतातही त्याच सुमाराला. ज्या दिवसांत त्याने बिळात शिरून झोपायचं, ते दिवस तो जाळीच्या पिंजऱ्यात येरझारा घालत असतो, आणि मग विजेचा धक्का. मिंकचं आयुष्य पाण्याकाठचं. पिंजऱ्यात त्याला पोहायला पाणी नसतं. हबेई प्रांतातल्या फार्मवर काय चालतं ते एका स्विस संस्थेच्या 2005 च्या अहवालामुळे जगाने पाहिलं. ती दृश्यं मी पूर्ण पाहू शकले नाही, आणि तुला पाहा असंही म्हणणार नाही.

मामा : वाईट आहे, नाही म्हणत नाही मी. पण तुझे पणजोबा पखवाज वाजवायचे. त्यावर काय रेशीम ताणलं होतं? कोल्हापुरी चप्पल कशाची असते? तुझ्या कॅम्पसमधला माझ्या गोंड्यावर नाक मुरडणारा गोरा विद्यार्थी रात्री काय खातो?

भाची : खातो. मी शाकाहाराची मोहीम चालवत नाही. बोकड खाण्यासाठी मारला, कातडं पखवाजावर चढलं आणि कित्येक वर्षं वाजत राहिलं. पखवाजासाठी कोणी जंगली जनावर पिंजऱ्यात वाढवलं नाही. तुझा गोंडा दोन महिन्यांत मळतो, धुता येत नाही, आणि कचऱ्यात जातो.

मामा : म्हणजे जनावराच्या मरणाची किंमत तू वस्तूच्या आयुष्यावर ठरवणार?

भाची : काही प्रमाणात, हो. सगळ्या हिंसेला मी एकाच दिवशी उत्तर देऊ शकत नाही. ज्या हिंसेतून कोणाचं पोट भरत नाही, कोणाला ऊब मिळत नाही, कोणाचं कसब जगत नाही, तिथून मी सुरुवात करते.

मामा : कॅलिफोर्नियाच्या कायद्याचं मी ऐकलंय. कोल्हा, ससा, मिंक यांना बंदी. मेंढी, बोकड, गाय, हरण यांच्या केसांसकट कातड्याला मोकळीक. कायद्याने जनावरांतही जात पाहिली.

हा टोला भाचीला लागतो, आणि लागावाही. या मोहिमांनी आखलेल्या रेषा सरळ नसतात. कुत्र्या-मांजराच्या फरवर अमेरिकेने 2000 मध्ये आणि युरोपीय संघाने 2007 मध्ये कायदा करून बंदी घातली, कारण ती तिथल्या घरातली जनावरं. कुत्र्याच्याच कुळातला रॅकून डॉग वाऱ्यावर राहिला. यावर माझं म्हणणं इतकंच, की वाकडी रेषा आहे म्हणून ती पुसायची नसते, पुढे ओढायची असते. कॅलिफोर्नियाच्या त्या कायद्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्याची व्याख्या. 2019 मध्ये सही झालेला आणि 2023 च्या पहिल्या दिवसापासून अमलात आलेला हा कायदा नुसता कोटाबद्दल बोलून थांबत नाही. किचेन, खेळणी, शोभेच्या किरकोळ चिजा यांची नावं त्यात वेगळी घातलेली आहेत. कायदा लिहिणाऱ्याला बाजार ठाऊक होता, हे तेवढ्यावरून दिसतं.

कारण इतरत्र नेमक्या याच वस्तू सुटत आल्या आहेत. अमेरिकेत फरवर जनावराचं नाव आणि मूळ देश लिहिण्याची सक्ती 1951 च्या कायद्याने आली. पण ज्या मालात थोडीच फर आहे, त्याला सूट होती. ही सूट वाढत वाढत दीडशे डॉलरपर्यंत गेली. त्या रकमेहून कमी किमतीची फर असेल तर काही लिहायची गरज नाही. ही पळवाट 2010 च्या कायद्याने बुजवली. युरोपात आजही जनावराच्या अंशाची सूचना लावावी लागते ती कापडी मालाला, म्हणजे वजनाने किमान 80 टक्के धागा असलेल्या वस्तूला. पर्स, चपला, किचेन त्या नियमाच्या बाहेर.

भाची : आणि आपल्याकडे तर बोलायलाच नको. जानेवारी 2017 मध्ये सरकारने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्याच्या आयातीवर बंदी घातली. चांगलंच केलं. त्या यादीत ससा नाही.

मामा : म्हणून तर माझा माल कायदेशीर आहे. कस्टमच्या पुस्तकात 43वं प्रकरण फरचं. 4303 म्हणजे खऱ्या फरच्या वस्तू, 4304 म्हणजे नकली. एका आकड्याचा फरक. भरलेल्या कंटेनरमध्ये शेकडो प्रकारचा माल असतो, एकेक गोंडा फुंकर मारून कोण बघणार? मीही बघत नाही. एजंट सांगतो त्यावर चालतो.

भाची : पण तुला शंका आली तर बघता येतं. गिऱ्हाइकाला ते येत नाही.

मामा : बरं, तुझा नकली गोंडा. तो कशाचा? ॲक्रिलिकचा, पॉलिएस्टरचा. सशाचं कातडं मातीत कुजून जाईल, तुझं प्लास्टिक माझ्या पणतवंडांच्या काळातही मिठी नदीत अडकलेलं असेल. प्रत्येक धुण्याला त्याचे बारीक तंतू समुद्रात. मासे मरतात ते जनावरांत नाही धरायचे?

भाची : हे तू बरोबर बोलतोस. आमच्या मोहिमेचं हे दुखणंच आहे. डाउडिंगबाईंच्या काळात नकली फर म्हणजे मोठा विजय वाटायचा. तेव्हा प्लास्टिकचा धोका कोणाच्या गावी नव्हता. आज मी ‘खरी सोडा, नकली घ्या’ असं म्हणत नाही. लोकरीचा गोंडा घ्या म्हणते. कानटोपीला तो आपल्याकडे कधीपासून लागतोय. मेंढी कातरली तरी उद्या चरायला जाते.

मामा : लोकरीच्या गोंड्याला आता कोण विचारतं? मुलींना मऊ लागतं.

भाची : मग काहीच लटकवू नका. पर्स गोंड्याशिवायही उघडते.

इथे मामा हसत नाहीत, चिडतात. त्यांच्या चिडण्याला कारण आहे. जिच्या हातात तो गोंडा आहे, तिला लाज वाटायला लावणं हे मोहिमेचं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात निरुपयोगी काम. एखादी मुलगी मैत्रिणीने दिलेली भेट पर्सला लावून चालली आहे, आणि रस्त्यात कोणीतरी तिच्यासमोर सोललेल्या जनावराचा फोटो धरतं. असं घडतं. त्या मुलीने तो ससा मारलेला नाही, मागवलेला नाही, त्याबद्दल तिला कोणी सांगितलेलंही नाही. तिला रडवून फार्मवरचा एक पिंजरा कमी होत नाही. उलट मोहीम म्हणजे दुसऱ्याच्या भेटवस्तूत नाक खुपसणारे लोक, असं तिचं कायमचं मत होतं.

मामा : आणि ते पिंजरेवाले? हबेईच्या खेड्यातला माणूस काही हौस म्हणून रॅकून डॉग पाळत नाही. दोन खोल्यांचं घर, मागे पिंजऱ्यांची रांग, त्यावर पोराची फी. ब्रिटनने 2000 मध्ये कायदा करून फरचे फार्म बंद केले, इंग्लंडमधले 2003 पर्यंत उरकले. पण फरचा माल आणायला बंदी नाही. पिंजरा दुसऱ्याच्या दारात, गोंडा आपल्या पर्सला. आणि शिकवण आम्हाला!

भाची : हे तर आम्हीच तिथल्या संसदेला सांगतोय. 2024 मध्ये रूथ जोन्स या खासदार बाईंनी आयात आणि विक्री दोन्ही थांबवायचं खासगी विधेयक मांडलं. ज्या गोष्टीला तुम्ही आपल्या जमिनीवर क्रौर्य म्हणता, ती बंदरातून आली की व्यापार कशी होते? इस्रायलने 2021 मध्ये धार्मिक टोप्यांसारखे अपवाद ठेवून फॅशनसाठीच्या फरची विक्रीच थांबवली. आणि पिंजरेवाल्याचं म्हणशील तर डेन्मार्क आठव. नोव्हेंबर 2020 मध्ये मिंकच्या फार्मवर करोनाचा बदललेला विषाणू सापडला आणि सरकारने देशातले सगळे मिंक, दीड कोटीच्या वर, मारायला लावले. हुकमाला कायद्याचा आधार नव्हता म्हणून मंत्र्याला जावं लागलं. हजारो जनावरं एका छपराखाली दाटीने ठेवायची, तर रोग येणारच. या धंद्याने शेतकऱ्याला कधीच भरवसा दिलेला नाही. फॅशन फिरली की भाव पडतो, साथ आली की सगळं गाडलं जातं.

मामा : भरवसा कुठल्या धंद्यात असतो? कांद्यात आहे?

याला भाचीकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पिंजरे बंद करायचे असतील तर ते चालवणाऱ्याला दुसरं काम द्यावं लागेल, आणि त्याचा खर्च ज्यांनी गोंडे घेतले त्या देशांनीही उचलायला हवा. ही मागणी पत्रकांवर क्वचितच दिसते. ती दिसली पाहिजे.

मामा : ते मोठ्यांचं झालं. मी काय करू, ते सांग.

भाची : बिलावर लिहून माग. खरी की नकली, आणि खरी असेल तर कुठल्या जनावराची. नुसतं ‘मऊ गोंडा, मिक्स रंग’ असं चालणार नाही. प्रत्येक लॉटमधला एक नग काढून काडी लाव. आणि तुमच्या व्यापारी संघटनेने सरकारकडे मागणी करावी, की वेष्टनावर खूण छापणं सगळ्यांनाच सक्तीचं करा. 2001 पासून खाण्याच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी ठिपका आहे. ज्या देशात बिस्किटाच्या पुड्यावर तो लागतो, त्या देशात सशाच्या कातड्यावर काहीच लिहायचं नाही?

मामा : माझ्या गाळ्यात मी लिहिलं तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यात जाईल.

भाची : म्हणूनच सक्ती सगळ्यांना हवी. ठिपका सगळ्यांना लागला, म्हणून एकट्याचं नुकसान झालं नाही.

मामा : आणि उलटं झालं तर? यीवूत ‘अस्सल फर’ असा मोठ्या अक्षरांत कागद लावून विकतात. तू लिहायला लावशील आणि खप वाढेल.

भाची : वाढला तर वाढू दे. जाणून घेणाऱ्याशी माझं भांडण वेगळं आहे, ते मी वेगळं भांडेन. पण ‘अस्सल’ म्हणजे काय? कशाची, ते लिही. ससा, की रॅकून डॉग. कुठल्या देशात मारला, तेही लिही.

मामा : एजंट हे लिहून द्यायचा नाही. तो फार तर ‘नकली’ म्हणून लिहून देईल, आणि माल तोच असेल.

भाची : तसं त्याने लिहून दिलं आणि काडी लावल्यावर केसाचा वास आला, तर तुझ्या हातात पुरावा आहे. आज तोही नाही.

मामा : पुरावा घेऊन मी कुठल्या कोर्टात जाऊ? यीवूच्या?

भाची : नको जाऊस. पुढची ऑर्डर देऊ नकोस.

मामा : आणि गाळ्यात जो माल पडलाय, बारा ग्रोस?

भाची : त्यावर ‘सशाचं कातडं’ अशी चिठ्ठी लाव आणि वीक.

मामा : चिठ्ठी लावल्यावर तो जाईल कुठे? नाताळच्या आधी संपवायचा आहे मला.

भाची : चिठ्ठ्या मी लिहून देते. शनिवारी येऊ का?